वीस एक आणि रंगवलेली फरशी

‘खेळातून शिक्षण’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की हल्ली मी आधी सावध होते आणि मग पुढचं वाचते. खेळाशी माझं काही वाकडं नाही. आमच्या घरात मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात आणि चल्लस आठवरून जी भांडणं झाली आहेत ती अजून लग्नकार्यात निघतात (मावशी, तू हसू नकोस, सत्ती तूच दाबून ठेवायचीस). माझं वाकडं आहे ते ह्या शब्दांचं पुढे जे काही झालंय त्याच्याशी. बाजारातल्या ‘ऑरगॅनिक’ गुळासारखं झालंय ते. लेबल झकास, पण डबा उघडून बघायचे कष्ट कोणी घेत नाही.

गेल्या काही वर्षांत मी तीन-चार शाळांमधली शैक्षणिक साहित्याची प्रदर्शनं पाहिली. थर्माकोल, पुठ्ठा, घोटीव कागद, चकचकीत जिलेटीन. बाईंनी रात्री जागून केलेलं बेरजेचं झाड, वजाबाकीची आगगाडी. एका ठिकाणी तर खेळाच्या समोर पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’. मी दोनदा वाचली. खेळाला हात लावायचा नाही! प्रदर्शन संपलं की ते सगळं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जातं आणि पुढची तपासणी येईपर्यंत तिथेच राहतं. मुलांच्या प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘सर्व प्रकारचे प्रकल्प करून मिळतील’ अशी पाटी असते आणि ती वाचून कोणालाच काही वाटत नाही, अगदी शाळेलासुद्धा.

ह्यात सगळ्यात वाईट वाटतं ते कुमठ्याचं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी काही वर्षं खपून एक गोष्ट करून दाखवली होती. पहिलीतलं मूल जमिनीवर बसून, वस्तू हाताळून, एकमेकांशी बोलून, आपलं आपण वाचायला आणि मोजायला शिकू शकतं. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं तेव्हा राज्यभरातले शिक्षक त्या शाळा बघायला गेले. जे गेले त्यांतल्या काहींना खरंच काही सापडलं. पण मी ज्या ज्या गावांत डोकावले तिथे पोचला होता तो फक्त रंग. फरशीवर ऑइलपेंटने चौकोन, गोल, बाराखडीचं चक्र, शंभरची चौकट. त्यालाच नाव ‘रचनावाद’. त्या चौकटीवर मुलं डबे घेऊन जेवायला बसतात आणि तिचा तेवढाच उपयोग होतो. पाहुण्यांना फरशी दिसली आणि तिच्यावर बसलेल्या मुलाशी बाई काय बोलतात ते ऐकू आलं नाही. फरशीचा फोटो निघतो, बोलण्याचा निघत नाही, त्याला कोण काय करणार!

दुसरा शब्द ‘संशोधन’. बी.एड. केलेल्या माझ्या मैत्रिणी ह्यावर जास्त चांगलं लिहू शकतील (लिहा गं कोणीतरी!). प्रत्येकीने एक कृतिसंशोधन केलेलं असतं. समस्या, परिकल्पना, उपक्रम, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष. मी हौसेने मागून मागून बरेच अहवाल वाचले. एकातही उपक्रम फसलेला नाही! सगळ्या परिकल्पना सिद्ध झालेल्या आणि सगळी मुलं सुधारलेली. ‘ड’ गटातली मुलं तीन आठवड्यांत ‘ब’ गटात. इतकं यश जर प्रत्येक बॅचला मिळतंय तर गेल्या पंचवीस वर्षांत आपली शिक्षणव्यवस्था कुठल्या कुठे जायला हवी होती. पण ‘असर’चे अहवाल २००५ पासून येतायत आणि देशातल्या खेड्यांमधली पाचवीतली निम्मी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत, ही ओळ थोड्याफार फरकाने दर वेळी तिथे असतेच. ज्या प्रयोगाचा निकाल आधीच ठरलेला असतो त्याला प्रयोग का म्हणायचं? ते शाळेतलं सत्यनारायणाचं कथानक झालं, शेवटी प्रसाद मिळणारच.

आता खरं संशोधन कसं असतं त्याचा एक नमुना सांगते. मला फार आवडलेला आहे, त्यामुळे थोडी लांबण लागेल.

अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी ह्या दोघांनी २००८ च्या सुमारास एक साधा प्रश्न विचारला. गरीब घरातली मुलं शाळेत यायच्या आधीच आकड्यांमध्ये मागे का पडलेली असतात? त्यांना दिसलं की सुखवस्तू घरातली मुलं घरी पटावरचे खेळ जास्त खेळलेली असतात. मग त्यांनी एक पट्टी केली. एका ओळीत घरं, १ ते १० आकडे, आणि फिरवायची एक चकती, तिच्यावर फक्त १ आणि २. मूल तीनवर आहे आणि चकतीवर दोन आले, तर सोंगटी सरकवताना ‘चार, पाच’ असं म्हणायचं. झाला खेळ. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या मुलांना अगदी तोच खेळ, फक्त घरांवर आकड्यांऐवजी रंग. त्यांनी ‘लाल, निळा’ म्हणत सरकायचं.

आकडेवाली मुलं मोजणं, आकडे ओळखणं, कोणता मोठा कोणता लहान हे सांगणं, सगळ्यात पुढे गेली आणि नऊ आठवड्यांनीही पुढेच होती. रंगवाली होती तिथेच. खेळ तोच, मजा तीच, खेळणारी मोठी माणसंही तशीच. पुढे त्यांनी पट्टी सरळ न ठेवता गोल करून पाहिली, तर फायदा कमी झाला. आणखी पुढे, २०१४ मध्ये, शंभरपर्यंतचा पट घेऊन एलिडा लास्की आणि सीग्लर ह्यांनी पाहिलं की सोंगटी सत्तावीसवर असताना मूल ‘अठ्ठावीस, एकोणतीस’ असं म्हणत सरकलं तर शिकतं आणि ‘एक, दोन’ म्हणत सरकलं तर जवळजवळ काहीच शिकत नाही.

हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. कारण आपण सगळे सापशिडी ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणतच खेळलोय! कोणाच्याही घरी जाऊन बघा. आणि सापशिडीचा पट नीट बघितलाय कधी? १ ते १० डावीकडून उजवीकडे आणि ११ कुठे, तर १० च्या डोक्यावर. मग उलटे २० पर्यंत. नागमोडी. त्यामुळे ७ च्या वर १४ येतो. जर प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू केली तर ७ च्या वर १७, त्याच्या वर २७, ३७... एका उभ्या रांगेत सगळे सातवाले. ‘एक घर वर गेलं की दहा वाढतात’ हे मुलाला बोटाने कळतं, कोणी सांगावं लागत नाही. नागमोडी पटावर हे कळणं शक्यच नाही. सापशिडी मुळात पापपुण्याचे हिशेब शिकवायला होती (मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात), दशक-एकक शिकवायला नव्हती, तेव्हा तिला दोष नाही. दोष तिचा पट फरशीवर रंगवून खाली ‘गणित कोपरा’ लिहिणाऱ्यांचा.

तर माझं भांडण हे आहे. खेळ आहे की नाही हा प्रश्नच नाही. घरावर काय लिहिलंय, रांग कशी लावली आहे, सरकताना तोंडातून कोणता शब्द येतो, इतक्या बारीक गोष्टीवर शिकणं अवलंबून असतं. ती बारीक गोष्ट शोधायला वेळ लागतो, चिकाटी लागते आणि ‘हे चाललं नाही’ असं लिहायची तयारी लागते.

ही शेवटची तयारी किती दुर्मीळ आहे बघा. दिल्लीत ‘प्रथम’च्या बालवाड्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो (होय, त्याच २०१९ च्या नोबेलवाल्या) आणि इतर. दीड हजारांहून जास्त मुलं, चार महिने, गणिताचे खेळ. ठिपक्यांच्या पत्त्यांवरून कुठे जास्त आहेत ते अंदाजाने सांगा, आकृत्यांमधली वेगळी ओळखा, असले. मुलांना आवडले आणि त्यांची संख्यांची, आकारांची जाण वाढली. वर्षभरानंतरही ती टिकली. आणि शाळेतलं गणित? त्यात काही फरक पडला नाही. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला तो हे दोन्ही शीर्षकातच सांगून. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. आपल्याकडे हाच प्रयोग झाला असता तर पहिलं अर्धं वाक्य फ्लेक्सवर गेलं असतं आणि दुसरं कुणाच्या कानावर आलं नसतं.

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आणखी एक आलं, तेही आपल्याच रस्त्यावरचं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी वगैरे विकणारी मुलं. इतके बटाटे, तितके कांदे, नोट दिली, सुटे किती परत, हे तोंडी फाडफाड. तीच आकडेमोड शाळेसारखी कागदावर दिली की अडतात. आणि नुसती शाळेत जाणारी मुलं कागदावर करतात, पण बाजारातल्या हिशेबाला अडतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ विकणाऱ्या पोरांबद्दल १९८५ मध्ये असंच लिहिलं गेलं होतं. म्हणजे डोक्यातलं गणित एकीकडे, पाटीवरचं दुसरीकडे, आणि मध्ये ओढा. नुसते खेळ वाढवून तो ओलांडता येत नाही आणि नुसती घोकंपट्टी वाढवूनही नाही. त्याच्यावर साकव टाकावा लागतो. साकव कशाचा? शब्दांचा आणि चिन्हांचा. डोक्यातल्या ‘एवढ्या’ला जे नाव आहे आणि पाटीवर जे लिहायचं आहे, ती दोन्ही एकमेकांना जुळली पाहिजेत.

आणि आता येते मुख्य भांडणाकडे. अप्पाकाका, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस हा आकडा ‘वीस एक’ असाही वाचायला दिला होता. ‘असाही’. दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या, ‘वीस एक’ आणि ‘एकवीस’. त्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गणित केलेली, ‘गणितगप्पा’ लिहिणारी, लहान मुलांना गणित शिकवायची आवड असलेली बाई. आणि मग काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. चॅनेलवर चर्चा, ग्रुपवर विनोद, ‘फडणवीस’ आडनावाचं आता काय होणार ही कोटी तर विधानसभेपर्यंत पोचली. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीन दिवस तेच. कोणी ‘सत्तर पाच वर्षांचे आजोबा’, कोणी ‘पन्नास सहा इंची छाती’. हसले सगळे. मी एकटी भांडत होते आणि मला ‘तू फार सिरियसली घेतेस’ असं सांगण्यात आलं.

घेते. कारण आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांची मुलगी संध्याकाळी माझ्याकडे येते. महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. हुशार आहे, माझ्याशी पत्त्यांत लबाडी करते आणि पकडली जात नाही, ह्यावरून काय ते ओळखा. तिला ‘एकोणचाळीस लिही’ म्हटलं की ती ४९ लिहिते. का नाही लिहिणार? ‘चाळीस’ ऐकू आलं, चार लिहिला. ‘नऊ’शी त्याचा काहीतरी संबंध आहे हे पाठ आहे, नऊ लिहिला. ह्यात तिची चूक कुठली तेवढं मला सांगा. शब्द म्हणतो ‘एक उणे चाळीस’ आणि ‘उणे’ म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेलं नाही. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की ७४. शब्दात सात आधी येतो, पाटीवर चार आधी.

जरा थांबून आपल्याच आकड्यांकडे परक्यासारखं बघा. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. ह्या सगळ्यांत ‘दोन’ आहे, पण ‘दोन’ असा कुठेच नाही. तो कधी बा, कधी बत्, कधी बे, कधी ब्या. पन्नासाचा कधी वन्न, कधी पन्न. साठाचा सष्ट, सत्तराचा हत्तर, नव्वदाचा ण्णव. एकोणीस ते एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे ‘एकोण’ आणि नव्याण्णवला मात्र नाही. इंग्रजी मुलाला नव्याण्णवपर्यंत जायला सत्तावीस शब्द पुरतात, १ ते १९ आणि आठ दशकं. आपल्या मुलाला जवळजवळ नव्याण्णव. सोलापूरपलीकडे गेलं की कानडी मुलगा ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, म्हणजे वीस-एक, आणि त्याच्या भाषेला त्याने काही कमीपणा आलेला मी ऐकला नाही. शिवाय ‘त्र्याण्णव’, ‘पंच्याण्णव’ ही जोडाक्षरं त्या वयाला वाचता येत नाहीत, हेही पुस्तक करणाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं. ऐकलं कोणी?

हेही हवेत नव्हतं. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकन लहान मुलांचं मोजणं ताडून पाहिलं. दहापर्यंत दोघं सारखी. फरक पडतो तो अकराच्या पुढे, जिथे चिनी मूल ‘दहा-एक, दहा-दोन’ म्हणत सरळ जातं आणि इंग्रजी मूल ‘इलेव्हन, ट्वेल्व्ह’मध्ये अडखळतं. आता नावं बदलली की मुलं गणितात आर्यभट होतील असं कोणी म्हटलेलं नाही. वेल्श भाषेतून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास झालाय, तिथे शाळेत सरळ दशकवाली नावं वापरतात. त्यांना दोन अंकी आकडे वाचणं, ताडून बघणं सोपं गेलं. सगळंच गणित सुधारलं असं नाही. तेवढंच. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलीला नेमकं तेवढंच हवंय!

आता आक्षेप. ‘आम्ही शिकलोच की, आमचं काय बिघडलं?’ अप्पाकाका, तुमचं काही बिघडलं नाही कारण तुमच्या आईने संध्याकाळी दिवेलागणीला तुम्हाला समोर बसवून परवचा म्हणून घेतला. ज्यांचं बिघडलं ते चौथीत शाळा सोडून गेले आणि ते तुमच्या ग्रुपवर नाहीत.

‘भाषा मरेल.’ ही तर गंमतच आहे. ज्या मराठी मुलांना ‘एकोणसत्तर’ म्हटल्यावर ‘म्हणजे सिक्स्टी नाइन ना?’ असं विचारावं लागतं, ती कोणाची मुलं आहेत? दुसरीचं ते पुस्तक ज्यांच्या घरात कधी येणारच नाही त्यांची. मराठी आकड्यांसाठी गळा काढणाऱ्या माझ्या एकाही नातेवाइकाने मला गेल्या दहा वर्षांत स्वतःचा फोन नंबर मराठीत सांगितलेला नाही. ‘नाइन एट टू टू’. ते चालतं. पालिकेच्या शाळेतल्या पोरीने वर्षभर ‘वीस एक’ म्हटलं तर मात्र मराठी संस्कृती बुडते.

‘बाजारात कोण वीस एक म्हणतो?’ कोणीच नाही. बाजारात ‘बे चोक आठ’ तरी कोण म्हणतं? दुणे, त्रिक, चोक, पंचे हे शब्द फक्त पाढ्यांसाठी आहेत, शाळेत म्हणायचे आणि शाळेतच ठेवायचे. आपण कधी म्हटलं नाही की ह्यामुळे मुलगा भाजीवाल्याला ‘चोक किलो बटाटे’ मागेल. आणि पावकी, निमकी, औटकी गेली तेव्हा कोण रडलं होतं? ‘वीस एक’ ही पण तशीच शाळेतली कुबडी आहे, पाय बरा झाला की टाकून द्यायची.

नॉर्वेची गोष्ट मला ह्यात फार आवडते. त्यांच्याकडेही ‘एक-आणि-वीस’ असंच म्हणायचे. नंबर सांगताना फोनवर घोटाळे व्हायला लागले, टेलिफोन खात्याने तक्रार केली, आणि १ जुलै १९५१ पासून सरकारने ‘वीस-एक’ ही रीत अधिकृत केली. शाळेत ती शिकवतात. जुनी रीत अजूनही लोकांच्या तोंडात आहे. दोन्ही सुखाने नांदतायत, नॉर्वेजियन भाषा मेलेली नाही. जर्मनीतही अशी मागणी करणारी एक संस्था २००४ पासून आहे, नाव सरळ ‘ट्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे वीस-एक. तिथेही लोक हसत असतीलच म्हणा.

मला राग ह्या गोष्टीचा आहे की आपल्याकडे जी सुधारणा फोटोत चांगली दिसते तिला टाळ्या मिळतात आणि जी मुलाच्या नेमक्या अडचणीवर बोट ठेवते तिचा विनोद होतो. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) खेळ-खेळणी आहेत, २०२३ मध्ये दिल्लीहून ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटी आली. चांगलं आहे. कोणी हसलं नाही, हसायचं कारणही नाही. पण पेटीसोबत कोण शिक्षक, त्याला किती मुलं, आणि निवडणुकीची यादी, जनगणना, खिचडीचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती भरून झाल्यावर पेटी उघडायला त्याच्याकडे किती वाजता वेळ असतो, हे विचारलं की सगळे गप्प.

आणि हे काही आजचं नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथून शिकून आल्या, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना घेऊन त्यांनी शिंपले, बिया, पानं ह्यांवर बालवाडी चालवली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडत नाहीत म्हणून स्वतःची केली. मुलं अंगणात येत नाहीत म्हणून त्या मुलांच्या अंगणात गेल्या. हे खरं संशोधन, अहवालाला बाइंडिंग नसलं तरी. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, मुलांनी स्वतः प्रयोग करून बघायचे, परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून. अरविंद गुप्तांची काडेपेटीतल्या काड्यांची खेळणी त्याच मातीतली, जी पुढे २००३ ते २०१४ आपल्या पुण्यात आयुकात कितीतरी मुलांनी करून बघितली. होशंगाबादचा तो कार्यक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. अरविंद गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री दिली. म्हणजे माणसाला हार आणि कामाला कुलूप.

मंगलाताई २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर फुलांची चित्रं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली, पाठवणारी नावं बहुतेक तीच. मी काही लिहिलं नाही.

असो. भांडण पुष्कळ झालं. ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी पट कसा करायचा ते देते. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, दहा बाय दहाची चौकट आखायची. १ खाली डावीकडच्या कोपऱ्यात. प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करायची, नागमोडी नाही. साप-शिड्या हव्या तर काढा, पण शिडी सरळ वर जाणारी असू दे, म्हणजे २६ वरून ५६, आणि चढताना ‘छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न’ म्हणायचं. सरकताना ‘एक, दोन’ म्हटलं की डाव गेला, हा कडक नियम. आकडा म्हणताना दोन्ही नावं घ्यायची, आधी ‘तीस नऊ’, मग ‘एकोणचाळीस’. आमच्याकडे सध्या रोज दोन डाव होतात. मुलगी परवा ‘एकोणसाठ’ला थांबली, बोट पटावर ठेवलं, ‘म्हणजे साठच्या एक अलीकडे’ म्हणाली आणि लगेच माझी सोंगटी मागे ढकलायला बघत होती. फासा एकच घ्या, दोन घेतले तर लहान मुलं घाईत घरं ओलांडून जातात. सोंगट्या नसतील तर चिंचोके चालतात.